भोजपूरच्या खडकावरची रेघ

लेखमाला : हात, डोळा, यंत्र (लेखांक ५)

मिसरोदहून नर्मदापुरमच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात ‘ग्यारह मील’ येतं. तिथून डावीकडे वळलं की भोजपूर. सरळ गेलं की मंडीदीपचे कारखाने, ओबेदुल्लागंज आणि मग भीमबेटका. मिसरोदला खोली घेऊन राहणाऱ्या माझ्यासारख्या सिव्हिलच्या विद्यार्थिनीला हा फाटा एरवी बस पकडण्यापुरता. पण कला, विज्ञान आणि तंत्रज्ञान यांची गाठ कुठे पडते हे पाहायचं तर मला याहून सोयीची जागा ठाऊक नाही. हल्ली कॉलेजांच्या महोत्सवांत या गाठीला ‘संगम’ म्हणतात. दीपप्रज्वलन होतं, रोबोट रांगोळी काढतो, त्याचा व्हिडिओ निघतो. रोबोटची रांगोळी सुबक येते, तक्रार नाही. फक्त तिघं एका मंचावर बसलेले असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

गेल्या आठवड्यात उज्जैनच्या वेधशाळेत आपण दगडाचं यंत्र झालेलं पाहिलं. आज दगडाचा कागद झालेला पाहू.

बेतवेच्या काठचं भोजेश्वराचं देऊळ अकराव्या शतकातलं, परमार राजा भोजाच्या नावाशी जोडलेलं. आत एकाच दगडातून घडवलेलं साडेसात फूट उंचीचं शिवलिंग आणि सुमारे ४० फुटी चार खांब. बहुतेक लोक दर्शन घेतात, सेल्फी काढतात आणि परततात. खरी गंमत देवळाबाहेरच्या उघड्या खडकावर आहे. हे देऊळ पुरं झालंच नाही. पुरं झालं असतं तर मागचा दगड चढवण्याचा उतार काढून टाकला असता, खाणीतले अर्धवट तासलेले दगड कुठेतरी लागले असते. देऊळ राहून गेलं म्हणून त्याची कच्ची वही शिल्लक राहिली.

त्या वहीत आहेत सपाट खडकावर कोरलेल्या रेघा. मंडपाचा तळाचा आराखडा, खांब, शिखराचे थर. यातल्या काही रेघा इथे कधीच उभ्या न राहिलेल्या देवळांच्या आहेत. भर दुपारी गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. ऊन तिरपं झालं की रेघेच्या एका कडेला सावली धरते आणि एकेक थर वर येतो. मग कळतं की ही सजावट नाही, हे कामाचं ड्रॉइंग आहे.

त्याची गरज का पडावी? देऊळ वर चढतं, पण दगड खाली घडतो. शिखरात बसायचा दगड जमिनीवर तासायचा, उतारावरून वर ओढायचा, आणि तिथे तो बोटभर जास्त निघाला तर सगळी मेहनत पाण्यात. भोजपूरच्या दगडांवर पाथरवटांच्या तेराशेहून जास्त खुणा सापडल्या आहेत. काही ठिकाणी तर नावंच कोरलेली आहेत. इतक्या जणांनी घडवलेले दगड एकमेकांत बसायचे, तर सगळ्यांनी एकाच रेघेवरून माप घ्यायला हवं. ती रेघ म्हणजे चित्रही, भूमितीही आणि कामाचा हुकूमही. तीन वेगळी माणसं तीन वेगळ्या खात्यांतून ती काढत नव्हती.

‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुग्रंथ भोजाच्याच नावावर आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत टी. गणपती शास्त्री यांनी तो संपादून १९२४-२५ मध्ये छापला, म्हणजे माळव्याचा हा ग्रंथ एका मराठी संस्थानाच्या आश्रयाने लोकांपर्यंत आला. त्यात स्थपती कसा असावा, यावर एक अध्याय आहे. शास्त्र पढलेला पण हाताने काम न केलेला माणूस ऐन कामाच्या वेळी रणांगणातल्या भित्र्यासारखा गडबडतो. नुसतं काम येणारा, शास्त्र न शिकलेला माणूस आंधळ्यासारखा दुसऱ्याचा हात धरून चालतो, असा त्याचा आशय. स्थपतीला यायलाच हव्यात अशा कामांत चित्र काढणंही मोजलेलं आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूत हे कुणी विचारत नाही.

याच ग्रंथाच्या ३१व्या अध्यायात यंत्रं येतात : नाचणाऱ्या बाहुल्या, पाण्याची यंत्रं, पाऱ्याच्या जोरावर उडणारा लाकडी पक्षी. व्हॉट्सॲपवर फिरतो तो फक्त पक्षी. ग्रंथकार स्वतःच सांगतो की यंत्रांची जुळणी गुप्ततेसाठी दिलेली नाही. तेव्हा तो पक्षी खरोखर उडाला, असं म्हणायला आधार नाही. खडकावरच्या रेघा मात्र उघड्यावर आहेत, कुणीही जाऊन मोजाव्यात. त्यांचा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.

मोजणारे अर्थात निघाले. वास्तुइतिहासकार ॲडम हार्डी यांनी हा ग्रंथ आणि या रेघा समोरासमोर ठेवून अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०१५ मध्ये आलं. श्लोकात सांगितलेलं असतं ते इतकंच की रुंदीचे इतके भाग करा, त्यातले इतके या थराला द्या. हार्डी नुसतं वाचून थांबले नाहीत, त्यांनी देवळं कागदावर काढून पाहिली. काढायला बसलं की लगेच उमगतं, श्लोक कुठे गप्प आहे आणि ती जागा कारागिराने आपल्या सवयीने भरायची आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली इथे दुरुस्ती केली, तेव्हा एक नाहीसा झालेला खांब नव्याने बसवायचा होता. एकसंध दगडाचा, १२ टनांचा. जुळणारा दगड आग्र्याजवळ मिळाला, खांब घडवून झाला, पण तो ३० फुटांवर नेईल एवढ्या लांब हाताची क्रेन काही मिळेना. शेवटी कप्प्या आणि तरफांची व्यवस्था उभी करावी लागली, आणि तिच्यातच सहा महिने गेले. छताच्या उघड्या भागावर मात्र जुन्या घडणीशी जुळणारं फायबर ग्लासचं आच्छादन घातलं, कारण दगडाचा आणखी भार खालच्या बांधणीला सोसला नसता. देवळावर फायबर म्हटलं की नाकं मुरडली जातात. मला तो निर्णय पटतो. खांबाला जुनी युक्ती आणि छताला नवं द्रव्य, दोन्हीकडे हिशेब वजनाचाच होता.

आता फाट्यावर परत येऊन सरळ जाऊ. १८८८ मध्ये किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक आदिवासींकडून ऐकून भीमबेटक्याची नोंद बौद्ध स्थळ म्हणून केली. ती नोंद कागदावरच राहिली. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर मिसरोदवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाने चालले होते; डब्याच्या खिडकीतून त्यांना टेकडीवरच्या खडकांचे आकार दिसले आणि ते तिथल्या चित्रं असलेल्या शैलाश्रयांपर्यंत जाऊन पोहोचले. नीमचला १९१९ मध्ये जन्मलेले, माळव्यातल्या मराठी घरातले वाकणकर चित्रकार होते. उज्जैनला त्यांनी भारती कला भवन काढलं होतं. या शोधाला बरेचदा योगायोग म्हटलं जातं. मिसरोद स्टेशनावरून रोज गाड्या जातात आणि त्यातले सगळे प्रवासीही खिडकीतून बाहेर बघतात, तेव्हा योगायोगाला इतकं श्रेय देऊ नये.

पण खिडकीपेक्षा पुढचं काम मोठं. भीमबेटक्याच्या भिंतींवर एका चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं चढलेलं आहे. तांबडं आणि पांढरं जास्त, हिरवं-पिवळं क्वचित. कॅमेरा सगळं एकदम टिपतो : रंग, डाग, पाण्याचा ओघळ. नक्कल उतरवणाऱ्याला मात्र प्रत्येक रेघेपाशी ठरवावं लागतं, हे शिंग वरचं की खालचं? पांढऱ्या घोड्याची मान तांबड्या हरणाच्या पाठीवरून गेली असेल तर हरीण आधीचं. असं ठिकठिकाणी ठरवत गेलं की शैलींचा क्रम लागतो. वाकणकरांनी आयुष्यभर अशा हजारो नकला उतरवल्या. पुढे यशोधर मठपाल यांनी, तेही मुळात चित्रकारच, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून भीमबेटक्याच्या चित्रांवर पीएच.डी. केली आणि भिंतीवरचे रंग जुळवत जलरंगात नकला केल्या. त्याच कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र १९७३ पासून काही वर्षं इथल्या एका शैलाश्रयात उत्खनन करत होते. जमिनीत मातीचे थर, भिंतीवर रंगाचे थर, आणि दोन्ही वाचायची रीत एकच : वरचं ते नंतरचं. खोदणारा आणि चित्र काढणारा इतक्या सरळपणे एका नियमावर आलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. २००३ मध्ये भीमबेटका युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

हल्ली पुसट चित्रं शोधायला डीस्ट्रेच नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. जॉन हार्मन यांनी ते शैलचित्रांसाठी केलं, पण त्यामागचं गणित उपग्रहचित्रांसाठी नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत तयार झालेलं. खडकाच्या फोटोत लाल, हिरवा, निळा हे तिन्ही घटक बहुतेक एकत्रच वाढतात आणि एकत्रच उतरतात, म्हणून सगळं मातकट दिसतं. हे गणित त्यांच्यातला सारखेपणा बाजूला काढतं आणि उरलेला बारीक फरक ताणून मोठा करतं. डोळ्याला न दिसणारा गेरू भडक होऊन समोर येतो. पण गेरू म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, आणि वालुकाश्मात लोखंड मुळातच असतं. ही माणसाने ओढलेली रेघ की खडकाचा आपला डाग, हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

आणि डोळाही दर वेळी खरं सांगतो असं नाही. २०२१ मध्ये ग्रेगरी रेटालॅक आणि सहकाऱ्यांनी भीमबेटक्याच्या ऑडिटोरियम गुहेत, वरच्या बाजूला, डिकिन्सोनियाचा जीवाश्म सापडल्याचं जाहीर केलं. डिकिन्सोनिया म्हणजे सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा पानासारखा चपटा प्राणी, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे फासळ्यांसारख्या पट्ट्या. फोटोतलं साम्य तंतोतंत होतं, बातम्या सगळीकडे झळकल्या. नंतर फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी तिथे जाऊन बघतात तर तो ‘जीवाश्म’ झडून खडकावरून सुटू लागलेला. कोट्यवधी वर्षं टिकलेली गोष्ट दोन-तीन वर्षांत अशी गळत नाही. ते मधमाश्यांचं जुनं पोळं होतं. रेटालॅक यांनी तसं मान्यही केलं. मध्य भारतातल्या शैलचित्रांत मध काढणारी माणसंही रंगवलेली आहेत. ती काढणाऱ्याने हे पोळं लांबूनच ओळखलं असतं.

(पुढील आठवड्यात : भोपाळचं भारत भवन, आणि जनगढ सिंह श्याम यांनी भिंतीवरून कागदावर आणलेली चित्रं.)