नापास झाला, तोच पहिला आला!

सांग पाहू दोस्ता, गेल्या वर्षी नापास झालेला गडी यंदा अख्ख्या देशात पहिला येईल का? छे! पण फुटबॉलमध्ये आला की!

आधी लीग म्हणजे काय ते बघू. इथे एक सामना हरला म्हणून कुणी घरी जात नाही. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो. एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या! जिंकलं की ३ गुण, बरोबरीला १, हरलं की भोपळा. वर्गातल्या चाचण्यांसारखी वर्षभराची बेरीज करायची. आणि तळाचा संघ? त्याची रवानगी थेट खालच्या वर्गात!

आपल्या देशात पगारी खेळाडूंची अशी लीग १९९६ साली सुरू झाली. २००७ मध्ये ती झाली आय-लीग. (२०१४ पासून आयएसएल नावाची दुसरी लीगही आली, टीव्हीवर झगमगणारी!)

आता गंमत ऐक. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये ९ संघ होते. शेवटचा कोण? आपल्या पुण्याचा डीएसके शिवाजियन्स! बालेवाडीत खेळायचा. पण तो थेट प्रवेश घेऊन आलेला नवा संघ, म्हणून त्याला माफी. मग खाली कोण गेलं? आठवा आलेला मिझोरामचा ऐझॉल! मला तरी हा नियम काही पटत नाही.

पण गोव्याचे काही क्लब लीग सोडून गेले. जागा रिकामी झाली आणि पुढच्या हंगामासाठी ऐझॉलला परत बोलावलं.

आता त्यांचे प्रशिक्षक होते खालिद जमील. त्यांना मुंबई एफसीने नुकताच नारळ दिला होता! डोंगरातला छोटा क्लब, गाठीला पैसा थोडा. आणि पहिल्या नंबरच्या शर्यतीत समोर १८८९ साली जन्मलेला मोहन बागान क्लब!

३० एप्रिल २०१७. शिलाँगमध्ये ऐझॉलचा शेवटचा सामना, तिथल्याच संघाशी. हरले तर सगळं पाण्यात! आधी त्यांच्यावरच गोल झाला. बाप रे! मग ऐझॉलने फेडला. १-१!

ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. फक्त एका गुणाने विजेते! आणि तळाला कोण, ओळख? मुंबई एफसी!

२०२५ मध्ये हेच खालिद जमील भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले.

या सुट्टीत तुम्हीही लीग भरवा ना! बारामतीचे दोन संघ, इंदापूरचे दोन. सामने होतील १२. मोजून बघा! फक्त शेवटच्याचं काय करायचं, ते आधीच ठरवा.