सावली ही वस्तू आहे का?

समोर अंगणवाडीच्या ताई आहेत, प्राथमिकचे शिक्षक आहेत, आणि माझ्यासारखे नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबाही बरेच दिसताहेत. म्हणून आज जड शब्द बाजूला ठेवतो आणि एका घरगुती गोष्टीपासून सुरुवात करतो.

माझी नात पाच वर्षांची होती. इथंच देवपुरात आम्ही सकाळी पांझरेच्या बाजूला फिरायला जायचो. एक दिवस ती थांबली, मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, ही माझ्या मागं मागं का येते?" मी पडलो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. लगेच सांगून टाकलं, "बाळा, ती येत-बित नाही. सावली म्हणजे उजेडाचा अभाव." ती "बरं" म्हणाली आणि चालायला लागली. त्यानंतर सावलीबद्दल तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. उत्तर बरोबर होतं, पण प्रश्न मेला.

आता गंमत बघा. ज्या प्रश्नावर मी तिला एका वाक्यात गप्प केलं, त्यावर आपल्याकडचे शास्त्री शतकानुशतकं वाद घालत आले. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणत, अंधार हे द्रव्य आहे. का? तर तो काळा दिसतो, म्हणजे त्याला रूप आहे. आणि सावली चालताना दिसते, म्हणजे क्रियाही आहे. ज्याला गुण आहे, क्रिया आहे, ते द्रव्य. वैशेषिकांना हे मान्य नव्हतं. ते म्हणत, चालतो तो माणूस, नाहीतर सरकतो तो दिवा. उजेड अडण्याची जागा तेवढी बदलते, आणि आपण म्हणतो सावली चालली. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली स्थापन केलेलं अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर इथून जवळच. तिथल्या ग्रंथालयात तरुणपणी हा वाद मी वाचला होता. नातीच्या तोंडून ऐकला तेव्हा मात्र ओळखला नाही! ती मीमांसकांच्या बाजूनं बोलत होती.

सगळीच मुलं तिथून सुरुवात करतात. जीन पियाजे यांचं नाव शिक्षकांना माहीत आहे. त्यांनी १९२०च्या दशकात मुलांना सावलीबद्दल विचारलं होतं. पाचेक वर्षांची मुलं सांगत, सावली रात्रीतून येते, झाडाखालून येते. जरा मोठी सांगत, ती आपल्या अंगातूनच निघते. उजेड अडतो म्हणून सावली पडते, हे नीट उमगायला आठ-नऊ वर्षं यावी लागत. आपली भाषाही मुलांच्याच बाजूची आहे. सावली पडते, लांबते, सरकते, असंच आपण म्हणतो. मग मुलानं तिला वस्तू समजलं तर त्यात मूर्खपणा काय?

मग करायचं काय? उत्तर सांगायचं नाही, मुलाला उत्तरावर अडखळू द्यायचं. तीन कामं सांगतो. खर्च फक्त खडूचा.

पहिलं काम अंगणातलं. एका मुलाला उन्हात उभं करा, त्याच्या पावलांभोवती खडूनं रेघ मारा आणि सावली आखा. तासाभरानं त्याच पावलांवर पुन्हा उभं करायचं. पण त्याआधी विचारा, "आता डोक्याची सावली कुठं येईल?" तिथं त्याला दगड ठेवू द्या. दगड आणि सावली यांच्यात अंतर पडलं की पुढचा प्रश्न मूलच विचारतं. फक्त सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे आधी बजावून ठेवा.

आपल्या धुळ्याला याची मोठी सोय आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भरदुपारी इथं मुलाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी असते. मुलाला सावलीच्या रेघेवर आडवं झोपवून बघा, पटेल. आणि मे महिन्याच्या २४-२५ तारखेला, तसंच जुलैच्या १८-१९ला, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. जुलैत ढग असतात, म्हणून मे गाठा. मात्र घड्याळात बाराला बघू नका. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखवतात. धुळं पाऊणेआठ अंश पश्चिमेला, आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटं. म्हणून आपली खरी दुपार साडेबाराच्या आसपास होते.

दुसरं काम रात्रीचं. अंधारात बॅटरी, हात आणि भिंत. आधी हात हलवा, बॅटरी स्थिर. मग हात स्थिर, बॅटरी हलवा. दोन्ही वेळा सावली पळते. विचारा, "आता कोण पळालं?" सावली हलायला सावलीनं काहीच करावं लागत नाही, हे मुलाला इथं पहिल्यांदा जाणवतं.

तिसरं काम मला एका अंगणवाडीतल्या मुलांनी शिकवलं. एक पोरगी रडत होती. "हा माझ्या सावलीवर पाय देतो." ताईंनी विचारलं, "दुखलं का?" ती विचारात पडली. मग ताईंनी दोघांना असं उभं केलं की दोघांच्या सावल्या एकमेकींवर पडल्या. आणि विचारलं, "जिथं दोन्ही आहेत, तिथं जास्त काळं झालं का?" नाही झालं! दोन गोधड्या एकावर एक टाकल्या तर जाड होतात. उन्हातल्या दोन सावल्या एकावर एक पडल्या तरी जाड होत नाहीत, कारण जो उजेड एकदा अडला तो दुसऱ्यांदा काय अडणार? आणि त्या काळ्या पट्ट्यात कुणाची सावली कुठली, ते कुणालाही सांगता येईना. वैशेषिकांचं उत्तर पाच वर्षांच्या मुलांसमोर जमिनीवर पडलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? मोठी झाली की कळेल. मंडळी, मोठं होऊनही कळत नाही. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२च्या ग्रंथात नोंदवलंय, की पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत येऊ देत नसत. कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. 'जातिनिर्मूलन' या १९३६च्या पुस्तकात डॉ. आंबेडकरांनीही लिहिलंय, की सावलीचा विटाळ नको म्हणून अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरायची बंदी होती. म्हणजे बघा, सकाळ-संध्याकाळ सावली लांबते हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. मोजमाप बरोबर होतं. पण जिथं फक्त उजेड पोचलेला नाही त्या जागेला त्यांनी वस्तू मानलं, तिला जात चिकटवली, आणि तिच्यावरून माणसाला वेशीबाहेर ठेवलं. "त्याची सावलीसुद्धा नको" हे आपण आजही सहज बोलून जातो. म्हणून माझं म्हणणं, दोन सावल्यांचा तो खेळ प्रत्येक अंगणात एकदा तरी व्हावा.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. नात आता कॉलेजला आहे. मागच्या हिवाळ्यात धाकट्या नातवानं तिचाच प्रश्न विचारला, "ही मागं का येते?" या खेपेला मी म्हटलं, "पळून बघ, सुटते का." तो पळाला. मग भिंतीआड लपला. मग उडी मारली आणि ओरडला, "आजोबा, सुटली! पायापासून सुटली!" उत्तर मी अजून सांगितलेलं नाही. तो रोज नवी युक्ती घेऊन येतो.