आयर्लंडमधील गर्भपाताचा कायदा : तरतूद आणि उपलब्धता

मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधील गॉलवे येथे वयाच्या ३१ व्या वर्षी मृत्यू झाला. सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. त्यांनी गर्भपाताची मागणीही केली होती. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू असल्याने ती मान्य झाली नाही. दरम्यान जंतुसंसर्ग रक्तात पसरला.

आयर्लंडमध्ये १८६१ च्या कायद्याने गर्भपात हा गुन्हा होता. १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने गर्भ आणि माता यांना जगण्याचा समान हक्क दिला. मातेच्या जीविताला खरा धोका असल्यास गर्भपात वैध आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये दिला; मात्र त्यानुसार कायदा होण्यास २०१३ साल उजाडले. म्हणजे आरोग्याला धोका असणे पुरेसे नव्हते. जंतुसंसर्गात मात्र आरोग्याचा धोका काही तासांतच जीविताचा धोका बनतो. ही सीमा केव्हा ओलांडली गेली, हे ठरवण्याची जबाबदारी शिक्षेच्या छायेत काम करणाऱ्या डॉक्टरांवर होती. २०१३ च्या चौकशी अहवालाने रुग्णाच्या देखरेखीतील त्रुटींबरोबरच गर्भाच्या ठोक्यांवर दिलेल्या अवाजवी भराकडेही लक्ष वेधले.

ज्यांना शक्य होते त्या स्त्रिया इंग्लंडला जात. पैसा किंवा व्हिसा नसलेल्यांना तो मार्गही नव्हता.

२५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी आठवी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. १ जानेवारी २०१९ पासून बारा आठवड्यांपर्यंत कारण न देता गर्भपात करता येतो. त्यानंतर मातेच्या जीविताला धोका, आरोग्याची गंभीर हानी किंवा गर्भातील प्राणघातक दोष यांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते.

तरीही उपलब्धतेचा प्रश्न उरतोच. पहिल्या भेटीनंतर तीन दिवस थांबावे लागते. सद्सद्विवेकाच्या कारणाने डॉक्टर नकार देऊ शकतो. मात्र रुग्णाला दुसरीकडे पाठवण्याची व्यवस्था त्याने करावी लागते. सेवा देणारे डॉक्टर सर्व भागांत सारखे नसल्याने ग्रामीण स्त्रियांना लांबचा प्रवास करावा लागतो.

भारताच्या १९७१ च्या कायद्यात शारीरिक व मानसिक आरोग्याचा विचार आरंभापासूनच आहे. जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असल्यास एका नोंदणीकृत डॉक्टरचे मतही पुरेसे असते. तेथे आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. म्हणूनच असा कायदा वर्गात शिकवताना केवळ कलमे सांगून भागत नाही. निर्णय कोण घेतो, केव्हा घेतो आणि त्या स्त्रीला तेथपर्यंत पोहोचता येते का, हे तीन प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.