डोंगल कुणाच्या खणात?

पॉलिसीच्या आत : भाग 7

मागच्या आठवड्यात आपण कंत्राटदाराची ऑल रिस्क पॉलिसी उलगडून पाहिली. स्लॅब कोसळला, मिक्सर पुरात वाहून गेला, साइटवरून सळ्या चोरीला गेल्या, तर काय मिळतं, हे पाहिलं. सरकारी कामाचा हा विमा मुंबईच्या विमा संचालनालयाकडून काढावा लागतो, हे तर वऱ्हाडातल्या प्रत्येक ठेकेदाराला पाठ आहे. तो लेख वाचून मोर्शीकडच्या एका वाचकाने फोनवर विचारलं, “साहेब, खात्यातून पैसे गेले तं हेच पॉलिसी चालते का?”

नाही चालत. ऑल रिस्क या नावावर जाऊ नका. ही पॉलिसी वस्तूच्या नुकसानीची आहे. संगणकातला डेटा, बँक खात्यातली रक्कम, बनावट ईमेलवरून झालेला आरटीजीएस यांतलं काहीच तिच्या कक्षेत येत नाही. त्यातून गेल्या काही वर्षांत विमा कंपन्या अशा पॉलिसींना सायबर नुकसान वगळणारं कलमही जोडू लागल्या आहेत. तेव्हा सायबर विमा वेगळाच घ्यावा लागतो. आजचा भाग त्याच्यावर.

हा भाग मी रिद्धपूर डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. मोर्शी तालुक्यातलं हे गाव म्हणजे महानुभावांची काशी. गोविंदप्रभू इथले, आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं तेही इथेच. 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा झाली, 2024 मध्ये पहिले कुलगुरू नेमले गेले आणि गावाचं नाव पुन्हा राज्यभर पोचलं. विद्यापीठ आलं की इमारती, रस्ते, वसतिगृहं, पाण्याच्या टाक्या येतात. ही कामं घेणारे बहुतेक ठेकेदार अमरावती, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर इथले, दोन-चार मुनीम आणि एक इंजिनीअर ठेवणारे आहेत. त्यांच्या कार्यालयात सायबर सुरक्षेचा म्हणून वेगळा माणूस नसतो, आणि माझी काळजी तिथूनच सुरू होते.

महाटेंडर्सवर निविदा भरायला डिजिटल स्वाक्षरी लागते. ती पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. आमच्याकडे हा डोंगल ठेकेदाराच्या खिशात क्वचित सापडतो. तो असतो टेंडर भरून देणाऱ्या पोराच्या टेबलाच्या खणात. असा एक खण मी उघडलेला पाहिला आहे. आत वीस-पंचवीस डोंगल, प्रत्येकाला रबरबँडने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर फर्मचं नाव आणि त्याच्याखाली निळ्या शाईत पिन. त्यातल्याच एका डोंगलच्या मालकाला मी विचारलं, हे असं कसं चालतं? तो म्हणाला, “टेंडर तोच भरते, मग माह्यापाशी ठेवून काय करू?”

त्या पोराच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण कायदा काय म्हणतो ते पाहा. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 42 प्रमाणे स्वाक्षरीची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी घेणं ही स्वाक्षरीधारकाची जबाबदारी आहे. किल्ली फुटली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं, आणि कळवेपर्यंतची जबाबदारी त्याचीच. म्हणजे त्या खणातल्या डोंगलने तुमच्या नावावर कुणी काही सही केलं, तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. विमा कंपनीही तोच विचारेल.

रिद्धपूरच्या परिसरात बसून हे लिहिताना महानुभावांच्या सांकेतिक लिप्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा कितीतरी. अक्षरांची ठरावीक अदलाबदल करून पंथाचे ग्रंथ लिहिले गेले आणि उलगडा फक्त पंथातल्या माणसांपाशी राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्याची उकल प्रसिद्ध करेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना हे ग्रंथ बंदच होते. पोथी गावोगावच्या मठांत फिरली, पण किल्ली परक्या हाती गेली नाही. आपण मात्र किल्ली आणि तिचा पिन एकाच रबरबँडमध्ये बांधतो आहोत.

आता पॉलिसीकडे वळू. ठेकेदाराच्या बाबतीत सर्वांत जास्त संभवणारा धोका साधा आहे. समजा, सळ्यांचे 18 लाख 40 हजार द्यायचे आहेत. पुरवठादाराच्या नेहमीच्या ईमेलवरून बिल येतं, लेटरहेड तेच, जीएसटी क्रमांक तोच, फक्त खाली एक ओळ वाढलेली : ऑडिटमुळे आमचं जुनं खातं बंद आहे, रक्कम सोबतच्या खात्यात जमा करावी. मुनीम नवीन खातं बेनिफिशरी म्हणून जोडतो, ओटीपी मालकाकडून फोनवर घेतो आणि आरटीजीएस करतो. चौथ्या दिवशी पुरवठादाराचा फोन येतो, पेमेंट कधी? तेव्हा कळतं की त्याचा मेल कुणीतरी महिनाभर वाचत होतं.

इथे कुणी तुमच्या संगणकात घुसलेलं नाही, आणि पैसे तुमच्याच माणसाने, तुमच्याच ओटीपीने पाठवले. म्हणून बँक हात वर करते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकातलं ग्राहकाचं संरक्षण अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, आणि हा व्यवहार कागदोपत्री अधिकृत ठरतो. सायबर पॉलिसीच्या मुख्य कलमातही तो बहुधा बसत नाही, कारण ते कलम हॅकिंग, व्हायरस, डेटाचोरी यांच्यासाठी लिहिलेलं असतं. फसवून करून घेतलेल्या पेमेंटसाठी वेगळं, जोड-संरक्षण असतं. ते मागून घ्यावं लागतं आणि त्याला उपमर्यादा असते.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर विमा रक्कम 1 कोटी लिहिलेली असेल आणि आतल्या परिशिष्टात या कलमासमोर 10 लाख. वरच्या उदाहरणात मग 1 कोटीची पॉलिसी असूनही जास्तीत जास्त 10 लाख मिळतील. उरलेले 8 लाख 40 हजार घरातून, शिवाय दाव्यातला स्वतःचा वाटा वेगळा. म्हणून माझं सांगणं असं की एजंटला विमा रक्कम विचारण्याआधी हा दुसरा आकडा विचारा. तो सांगता येत नसेल, तर त्या दिवशी चेक देऊ नका.

या कलमाला आणखी एक अट जोडलेली आढळते. खातं बदलल्याची सूचना आली, तर पैसे पाठवण्याआधी पुरवठादाराच्या आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केलेली असावी, आणि त्याची नोंद असावी. नव्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर केलेला फोन धरला जात नाही, कारण तो भामट्याचाच असू शकतो. म्हणजे सगळा दावा त्या एका फोनवर उभा असतो. कार्यालयात भिंतीवर पुरवठादारांचे जुने क्रमांक लिहून लावा. फोन केला की तारीख, वेळ आणि कुणाशी बोललो हे वहीत मांडा. मोजमाप पुस्तिका लिहिताना आपण जी शिस्त पाळतो, तीच इथे लागते.

दुसरा धोका रॅन्समवेअरचा. सगळ्या फायली कुलूपबंद होतात आणि खंडणी मागितली जाते. हे मोठ्यांनाच होतं असं समजू नये, पण मोठ्यांनाही झालेलं आहे. मार्च 2021 मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरवर असा हल्ला झाला आणि तिचं संगणकीय कामकाज खोळंबलं. जानेवारी 2020 मध्ये फ्रान्सच्या बुइग या बलाढ्य बांधकाम कंपनीलाही हाच अनुभव आला. ठेकेदाराकडे अशा वेळी काय अडकतं? दरपत्रकं, ड्रॉइंग, मोजमापाच्या शीट, टॅलीचा डेटा, मजुरांचे हजेरीपट. चालू बिल सादर करता येत नाही, निविदेची शेवटची तारीख निघून जाते.

पॉलिसी इथे तज्ज्ञांचा खर्च आणि डेटा पुन्हा उभा करण्याचा खर्च देते. काम बंद पडल्याची भरपाईही देते, पण पहिल्या काही तासांची नाही; हा प्रतीक्षा काळ सहसा 8 ते 12 तासांचा असतो. शिवाय ठेकेदाराचं उत्पन्न महिन्याचं नसतं, बिलाचं असतं. त्यामुळे तीन दिवस बंद पडल्याने किती बुडालं, हे सिद्ध करणं जड जातं. सरकारी कामाच्या बी-1 करारात कलम 2 प्रमाणे विलंबाची भरपाई वसूल होते. तिच्यासाठी या पॉलिसीवर विसंबू नका, करारातून येणारे दंड बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. हल्ला झाला त्याच आठवड्यात कार्यकारी अभियंत्याकडे मुदतवाढीचा लेखी अर्ज द्यावा, आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडावी.

डेटाचा आणखी एक मुद्दा, आणि तो मला सर्वांत जिव्हारी लागतो. लीळाचरित्राची मूळ प्रत पुढे स्वारीच्या धामधुमीत गेली, असं परंपरा सांगते. मग अनुयायांनी स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा लिहिला आणि त्यातून वेगवेगळे पाठ तयार झाले. त्या माणसांना तो मुखोद्गत होता म्हणून मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ आज आपल्या हातात आहे. मोजमापाची शीट कुणाला मुखोद्गत असते? विमा खर्च देईल, गेलेले आकडे देणार नाही. रोज संध्याकाळी एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते.

मजुरांबद्दलही बोललं पाहिजे. आधार, बँक पासबुक, फोटो असं सगळं आपण त्यांच्याकडून घेतो आणि व्हॉट्सअॅपवर फिरवतो. ब्रिटनच्या इंटरसर्व्ह या बांधकाम क्षेत्रातल्या कंपनीत एका कर्मचाऱ्याने फसवा ईमेल पुढे पाठवला, दुसऱ्याने तो उघडला आणि 1 लाख 13 हजारांपर्यंत कर्मचाऱ्यांची माहिती धोक्यात आली. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी तिला 44 लाख पौंडांचा दंड केला. आपल्याकडच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये सुरक्षेची काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या ठेकेदाराला तेवढा होईल असं मी म्हणत नाही, पण मजुराचा आधार क्रमांक ही त्याची ठेव आहे. दंडाचं संरक्षण पॉलिसीत लिहिलेलं दिसलं, तरी ते कायद्याने मान्य असेल तेवढ्यापुरतंच असतं.

शेवटी प्रस्तावपत्र. त्यात विचारलेलं असतं : ईमेलला दुहेरी पडताळणी आहे का? बॅकअप घेता का? पेमेंटला दोघांची मंजुरी लागते का? डिजिटल स्वाक्षरी कुणाकडे असते? एजंट सगळीकडे “हो” लिहून सही मागतो. 2022 मध्ये अमेरिकेत ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीने एका ग्राहकाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. दुहेरी पडताळणी आहे असं अर्जात लिहिलं होतं, हल्ल्यानंतर ती बहुतांश ठिकाणी नव्हती असं आढळलं, आणि पॉलिसी मुळापासून रद्द झाली. आपल्याकडेही विम्याचा करार पूर्ण विश्वासाचाच आहे. तेव्हा जिथे “नाही” आहे तिथे “नाही” लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण दावा उभा राहील.

पैसे गेलेच, तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला, त्याच घटकेला. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते ती पहिल्या तासा-दोन तासांतच. मग बँक, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी सूचना. कंपनीला न विचारता खंडणी देऊ नका, तज्ज्ञही नेमू नका. पूर्वसंमती नसलेला खर्च नाकारला जातो.

पॉलिसी घ्यायची की नाही, ते आपापल्या कामाच्या आकारावर ठरवा. पण येत्या सोमवारी कार्यालयात जाण्याआधी त्या टेबलापाशी थांबा, खणातला आपला डोंगल परत घ्या आणि पिन बदला.