शेरा तोंडावर सांगावा

साहेबाने कामगाराला त्याच्या कामाविषयी काही सांगावे, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. आपल्याकडे बहुधा दोनच रीती चालतात. एक, चारचौघांत खडसावणे. दुसरी, तोंडाने काही न बोलता कागदावर शेरा मारून ठेवणे. पहिलीने माणूस दुखावतो. दुसरी अधिक घातक, कारण आपले काय चुकले हे त्याला कळतच नाही.

या दुसऱ्या रीतीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सीमेवरील रस्ते बांधणाऱ्या केंद्र सरकारच्या सेवेत एक कार्यकारी अभियंता होते. १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला. ऐकायला गोड! पण बढतीला ‘अतिशय चांगला’ लागत होता. म्हणजे या ‘चांगल्या’नेच त्यांची वाट अडवली, आणि तो त्यांना कोणी कळवलाही नव्हता. २००८ साली न्यायालयाने सांगितले की, शेरा बरा असो वा वाईट, तो सरकारी नोकराला वेळेत कळवलाच पाहिजे आणि त्यावर त्याला आपले म्हणणे मांडता आले पाहिजे. पुढल्याच वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल दाखवण्याचा आदेश काढला. उत्तरास १५ दिवसांची मुदत ठेवली.

पण कागद हाती पडला म्हणजे सारे झाले असे नव्हे. मी लेथवर होतो तेव्हा आमचे एक सुपरवायझर ‘काम नीट कर’ एवढेच म्हणत. नीट म्हणजे कसे? त्यांच्या जागी दुसरे आले. त्यांनी पाळी सुटण्यापूर्वी मला बाजूला बोलावले, सकाळचे पाच जॉब मांडले आणि व्हर्नियर माझ्याच हाती दिला. तीन मापात होते, दोन जाड. “टूलला धार केव्हा लावलीस?” मी म्हणालो, “ग्राइंडर दोन दिवस बंद आहे.” ते त्यांना ठाऊकच नव्हते! दुसऱ्या दिवशी ग्राइंडर चालू झाला. आठवड्याने त्यांनी पुन्हा माप पाहिले आणि “आता बरोबर” हे मात्र सर्वांसमक्ष म्हणाले.

आम्हा युनियनवाल्यांचाही दोष आहे. साहेब कामाबद्दल बोलला की तो हल्लाच, असे आम्ही पुष्कळदा धरून चालतो. हल्ली कोणी तक्रार घेऊन आला की मी आधी विचारतो, “त्यांनी नेमके काय दाखवले?” बहुतेकांपाशी उत्तर नसते, मग मी व्यवस्थापनाकडे जातो. काहींपाशी असते, त्यांना चहा पाजून परत मशीनवर पाठवतो.