कॅमेरा खुन्याच्या हाती, मग मेलेल्यांचे काय?

‘ही खरी घटना आहे’ एवढे एक वाक्य चिकटवले की आपल्याकडे काहीही खपते. ‘द पकिप्सी टेप्स’ हा अमेरिकन भयपट असाच खपतो. न्यूयॉर्क राज्यातील एका घरात पोलिसांना 800 हून अधिक व्हिडिओ कॅसेट सापडतात, एका माणसाने केलेल्या खुनांचे त्यानेच केलेले चित्रीकरण त्यात असते, आणि मधूनमधून पोलीस व तज्ज्ञ येऊन आपल्याला माहिती देतात, असा हा सगळा मामला. नया नगरातील कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाने रात्री मोबाइलवर तो पाहिला आणि सकाळी मित्रांना ‘हे खरेच घडलेय’ असे सांगितले, तर दोष त्या मुलाचा नाही. चित्रपट तसा समज व्हावा म्हणूनच बनवलेला आहे. जॉन एरिक डाऊडल या दिग्दर्शकाने 2007 साली केलेली ती शुद्ध कल्पित कथा आहे.

भयपट काढू नयेत असे आमचे म्हणणे नाही. भीती ही माणसाची जुनी भावना आहे आणि कलेला तिचा हक्क आहे. पण पुराव्याचा वेष घेऊन जो समोर येतो, त्याला पुराव्याचेच प्रश्न विचारावे लागतात. आम्ही वकिली करणारी माणसे, आम्ही ते विचारणारच.

कॅसेट सापडली म्हणजे सत्य सापडले, हे या चित्रपटाचे गृहीतक आहे. न्यायालयात असे चालत नाही. वस्तू कुठे सापडली, पंचनामा कुणी केला, सील कधी लावले, मधल्या काळात ती कुणाच्या ताब्यात होती, यातला एक दुवा तुटला तरी पुरावा डळमळतो. जालना विधानसभा मतदारसंघातील 2014 च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, असा वाद होता आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणाचा. तेवढ्या साध्या चित्रीकरणावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर अशा पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच, असा निकाल 2020 साली लागला. उमेदवारी अर्जाच्या वेळेसाठी कायदा एवढा काटेकोर आणि शेकडो खुनी कॅसेटसाठी चित्रपट एवढा ढिला! पडद्यावरचे तज्ज्ञ नुसते बोलतात. त्यांना उलटतपासणीचा एकही प्रश्न कुणी विचारत नाही.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. कॅमेरा खुन्याच्या हातात असल्यामुळे प्रेक्षकाचा डोळाही खुन्याचाच होतो. मरणारी बाई कोण, तिचे घर कुठले, तिच्या मागे कोण रडले, हे या डोळ्याला दिसत नाही. त्याला दिसते फक्त तिची भीती, आणि ती भीतीच तिकिटावर विकली जाते.

हा दोष अमेरिकेचाच आहे असे समजून आपण हात झटकू नयेत. मुंबईचा रामन राघव आठवा. 1965-66 मध्ये आणि पुन्हा 1968 मध्ये उपनगरांत फूटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसे डोक्यात घाव घालून मारली गेली. 27 ऑगस्ट 1968 रोजी तो पकडला गेला आणि 41 खुनांची त्याने कबुली दिली. त्याला फाशी झाली. पुढे मानसिक आजारामुळे 1987 साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली आणि 1995 साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मेला. त्याच्यावर श्रीराम राघवन यांनी 1991 साली चित्रपट केला, आणि 2016 साली अनुराग कश्यप यांनी त्याचे नाव घेऊन ‘रामन राघव 2.0’ काढला. पोलिसांकडे त्याने कोंबडीचे जेवण मागितले आणि मगच तोंड उघडले, ही गोष्ट आजही चवीने सांगितली जाते. त्याने मारलेल्यांपैकी एकाचे तरी नाव वाचकाला सांगता येईल काय? येणार नाही. कारण मेले ते फूटपाथवरचे. उघड्यावर झोपणाऱ्यांना जगताना पत्ता नव्हता, मेल्यावर नाव उरले नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त खुपते. या चित्रपटात खरा खुनी एका निरपराध पोलिसाला अडकवतो. त्याला फाशीची शिक्षा होते, विषाचे इंजेक्शन दिले जाते आणि तो निर्दोष होता हे नंतर उघड होते. एवढी भयंकर गोष्ट, पण चित्रपट तिला खुन्याच्या हुशारीचा नमुना म्हणून वापरतो आणि पुढे निघून जातो. खरा भयपट तर तिथेच होता. महाराष्ट्रात 2003 साली घडलेल्या एका प्रकरणात सहा जणांना फाशी सुनावली गेली होती. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. ही माणसे भटक्या जमातीची, गरीब मजूर होती, आणि त्यांना खोटे गोवले गेले असण्याची शक्यता न्यायालयाने बोलून दाखवली. सोळा वर्षे फासाच्या किंवा तुरुंगाच्या सावलीत! या सोळा वर्षांची कॅसेट कुणाला सापडली नाही आणि कुणी काढलीही नाही.

चित्रीकरणाच्या याच तंत्राने वेगळे काही करता येते, हे दिबाकर बॅनर्जी यांनी 2010 साली ‘लव्ह सेक्स और धोखा’मध्ये दाखवले. त्यातल्या पहिल्या कथेत पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्याला मुलीच्या घरचेच मारतात. तिथे कॅमेरा मरणाऱ्यांचा आहे, म्हणून ती भीती अंगावर येते. पण सेन्सॉर बोर्डाने त्यातला जातीचा उल्लेख काढायला लावला. म्हणजे रक्त दाखवा, पण ते कशामुळे सांडले ते सांगू नका!

आणि नया नगर? जून 2023 मध्ये येथील पोलीस ठाण्याच्या हद्दीत एका स्त्रीच्या खुनाचा गुन्हा दाखल झाला. ती अनाथाश्रमात वाढलेली होती. वृत्तवाहिन्यांनी दिवसचे दिवस काय दाखवले? कुकर, मिक्सर आणि करवत. जिच्यासाठी हंबरडा फोडायला आईबाप नव्हते, तिचे मरण स्वयंपाकघरातील भांड्यांची यादी होऊन बसले. खटला चालवायचा न्यायालयाने, पण भयपट आधीच घरोघरी लागला होता. पकिप्सीचा दिग्दर्शक निदान कल्पित माणसे मारत होता.

संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील प्रतिष्ठेचा हक्क श्वास थांबला की संपत नाही, हे आपल्या न्यायालयांनी सांगितलेले आहे. तेव्हा भयपट जरूर पाहा, घाबरा. फक्त पडदा विझल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा : खुन्याचे सगळे लक्षात राहिले, मेलेल्याचे काय राहिले? उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर तो चित्रपट फसलेला आहे, मग तो कितीही घाबरवो.