कठड्याच्या अलीकडून

सकाळी 9. हॉटेलच्या खोलीत चूल नाही, म्हणून सॅन होजेहून येताना छोटा राइस कुकर घेऊन आले आहे. मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप. मित्र खाता खाता फोनवर आजच्या टेबलची यादी बघतोय. रात्रीच सगळ्यांच्या नव्या जागा आणि चिप्सचे आकडे जाहीर झालेत. आपल्या डावीकडे कोण, उजवीकडे कोण, कोणाचा स्टॅक मोठा, याचा त्याचा अभ्यास चाललाय. मी काही विचारत नाही.

वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटचा आज तिसरा दिवस. जुलै 2024, लास व्हेगास. प्रवेश फी 10,000 डॉलर, म्हणजे सव्वाआठ लाख रुपयांच्या वर. एवढी रक्कम तो एकटा कुठून आणणार? त्याने हिस्से विकले आणि आम्ही मित्रांनी ते घेतले. जिंकलाच, तर भारतात राहणाऱ्या माणसाच्या कमाईतून अमेरिकेत 30 टक्के कर आधीच कापून घेतात. उरेल त्यात आमच्या वाटण्या.

सकाळी 11:30. बाहेर पाऊल टाकवत नाही. 7 तारखेला इथे 120 फॅरनहाइट तापमान होतं, शहराच्या नोंदीतलं सर्वाधिक. आत मात्र हॉल इतका गार, की जो तो जाड हूडी घालून बसलाय. हॉर्सशू आणि पॅरिस या जोडून असलेल्या दोन हॉटेलांत स्पर्धा भरते. हॉर्सशू हे नाव जुनं आहे. 1970 मध्ये ही स्पर्धा सुरू झाली ती शहराच्या जुन्या भागातल्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये, मोजक्या खेळाडूंत. 2003 मध्ये टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता फेरीतून इथवर आला आणि 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर जगभरच्या पगारदारांना हे आपलंही वाटू लागलं. यंदा 10,112 जणांनी नाव घातलं.

दुपारी 12. घोषणा होते आणि शेकडो टेबलांवर चिप्सची चाळवाचाळव सुरू होते. तो आवाज दिवसभर थांबत नाही.

मी कठड्याच्या अलीकडे. त्याची पाठ आणि उजवा हात दिसतो, पत्ते नाही. त्यामुळे मी चिप्सच्या चळतींची उंची बघते. एका चळतीत वीस. पिवळ्या किती, केशरी किती, एवढ्यावरून त्याचा दिवस कसा चाललाय ते कळतं. हात चालू असताना टेबलवर इंग्रजीच बोलायचं असा नियम आहे, त्यामुळे मराठीतून ‘काय रे?’ विचारायचीही सोय नाही.

सिनेमात पोकर बघितलेल्यांना इथे कंटाळा येईल. नऊ जणांच्या टेबलवर दोन तासांच्या एका लेव्हलमध्ये जेमतेम पन्नास-साठ हात होतात. त्यातल्या चाळीस-पंचेचाळीस हातांत तो पत्ते बघतो आणि पुढे सरकवून देतो. सोडून देतो, पुन्हा सोडून देतो. तरीही प्रत्येक हाताला त्याची नजर टेबलवरच. कोण कसं बोललं, कोणी किती वेळ घेतला, हे तो टिपत असतो. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर हा खेळ शिकताना तो महिनोन् महिने फक्त हेच शिकला. माझ्या लेखी हे सरळ सरळ श्रमाचं काम आहे, आणि त्याला जुगार म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी वाद घालते.

दुपारी 2. वीस मिनिटांची सुट्टी. त्यातली त्याची बारा पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत.

4:40. दुसरी लेव्हल वाईट गेली. चळती निम्म्यावर.

संध्याकाळी 5:30. तो उभा राहिला. म्हणजे ऑल-इन, सगळ्या चिप्स पणाला. मी कठड्यावर वाकले. आता दोघांचे पत्ते उघडे: त्याच्याकडे दश्शीची जोडी, समोरच्याकडे एक्का आणि राजा. शंभरात पंचावन्न-छप्पन्न वेळा दश्शी टिकते, बाकीच्या वेळी घरी. फ्लॉपला, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पानांत, राणी, नव्वी, तिर्री. टर्नला सत्ती. रिव्हरचं पान उलटताना डीलरचा हात मला मुद्दाम सावकाश वाटला. दुर्री. टिकला!

त्याने समोरच्याशी हात मिळवला, बसला, चिप्स रंगांप्रमाणे लावायला लागला.

रात्री 8. जेवणाची सुट्टी संपली. त्याने अर्धंच जेवण केलं.

रात्री 11. पहिल्या 1,517 जणांना पैसे मिळणार, किमान 15,000 डॉलर. आता खेळाडू तेवढ्यावर येत चाललेत. या उंबरठ्याला सगळे ‘बबल’ म्हणतात. सर्व टेबलांवर एक एक हात एकाच वेळी खेळवतात. ज्यांचा आधी संपतो त्यांनी इतरांसाठी थांबायचं. सरासरी स्टॅक चार लाखांचा, त्याचा दीड लाखाच्या आसपास. मोठ्या स्टॅकवाले नेमके अशांवरच चालून येतात, कारण त्यांना घालवायला भीती वाटत नाही.

एकाने रेझ केलं, दुसऱ्या मोठ्या स्टॅकवाल्याने थेट ऑल-इन. माझ्या मित्राने बराच वेळ घेतला. मग पत्ते सरकवले. मला एवढंच दिसलं.

थोड्या वेळाने टाळ्या झाल्या. बबल फुटला. एक जण बाद झाला आणि उरलेले सगळे उभे राहून ओरडले. मीही ओरडले.

रात्री 12:40. दिवसाचा खेळ संपला. प्लास्टिकच्या पिशवीत चिप्स भरायच्या, वर नाव आणि आकडा लिहून ती सीलबंद करायची. तो बाहेर आला.

“मघाशी काय सोडलंस?”

“दोन गुलाम.”

“अरे! आणि त्याच्याकडे?”

“दाखवलं नाही त्याने. रेझ करणारा आधी, त्यावर ऑल-इन. माझ्या गुलामांना दोघांच्याही पुढे असावं लागलं असतं. तुमचे सगळ्यांचे पैसे होते गं त्यात.”

दोन गुलाम सोडणं फार जड. मी म्हटलं, बरोबर केलंस, आणि मला ते मनापासून वाटतं.

सांगलीत, त्याच्या घरी, दुपारचा एक वाजून गेला होता. काकूंचा फोन आला. “पैशात आला ना? मग आता झोपू दे त्याला,” एवढंच म्हणून त्यांनी ठेवला.

झोपण्याआधी त्याने हिस्सेदारांच्या गटावर निरोप टाकला: स्टॅक 1,46,000. टेबल बदललंय. उद्या दुपारी बाराला सुरुवात.